पोवळ्यांची पत्रिका

आमच्या घरात समुद्राची एकच वस्तू होती. ती म्हणजे आईच्या अनामिकेतले पोवळे. भंडारा हा तलावांचा जिल्हा. आमच्या लहानपणी पाणी म्हणजे तलावाचे, नाही तर वैनगंगेचे. समुद्र होता तो भूगोलाच्या पुस्तकात आणि आईच्या बोटात. तिच्या पत्रिकेत मंगळ होता. त्याने सासरी कोणाचे वाईट करू नये म्हणून तिच्या वडिलांनी लग्नाआधीच तिच्या बोटात तो लाल खडा घातला होता. तो खडा नसून असंख्य बारीक जिवांनी मिळून बांधलेले हाडूक आहे, हे मला मास्तर झाल्यावर कळले. आईला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "असू दे. जिवाचंच काम जीव करतो."

माझे लग्न झाले १९८४ साली. पत्रिका रीतसर पाहिल्या. छत्तीसपैकी सत्तावीस गुण जुळले. गुरुजी म्हणाले, "उत्तम." पुढे पुष्कळ वर्षांनी माझ्या ध्यानात आले, की पत्रिका जुळवली ती माझी आणि तिची; पण मी सकाळी दहाला शाळेत जाई तो संध्याकाळी परते. तिचा सारा दिवस जाई तो माझ्या आईबरोबर. त्या दोघींच्या पत्रिका कोणीच शेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या.

ही गोष्ट मला उमगली ती सातासमुद्रापार, मुलीच्या घरी, एका काचेच्या पेटीसमोर. तीच आज सांगायची आहे.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात आम्ही दोघे मुलीकडे न्यू जर्सीला गेलो. शेजारीपाजारी विचारीत, तेव्हा नातवाला पाहायला चाललो असे मी सांगत असे. ते खोटे नव्हते, पण पुरते खरेही नव्हते. खरे कारण असे, की आमच्या मुलाने लग्नाला वर्ष व्हायच्या आत वेगळे घर पाहिले होते. घरही कुठे, तर आमच्या घराच्या समोर, खांब तलावाच्या पलीकडच्या काठाला. आमचे घर आठ खोल्यांचे. तिघी लेकुरवाळ्या नांदतील एवढे स्वयंपाकघर. जागेची अडचण होती असे म्हणायलाही वाव नव्हता. सून लाखनीच्या एका शाळेत शिकवते, स्वभावाने गोड आहे, कधी उलट बोललेली नाही. मग वेगळे का? मी मुलाला म्हणालो, "या घरात चाळीस वर्षांत एकदाही भांडण झालं नाही. तुझ्या आईला विचार." त्याने आईला विचारले नाही. आईही काही बोलली नाही. मी रागाने विमानाची तिकिटे काढली.

मुलीच्या दिवाणखान्यात एक पेटी आहे. चार फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच. साडेचारशे लिटर पाणी मावेल एवढी. आपल्याकडे डॉक्टरांच्या दवाखान्यात रंगीत मासे ठेवतात तशी ही असावी, असे मला आधी वाटले. जवळ गेलो तर मासे चारच. बाकी सारी फुले. जांभळी, हिरवी, केशरी. काही बोटांसारखी, काही छत्रीसारखी, काही वाऱ्यावर डोलणाऱ्या गवतासारखी. मुलगी म्हणाली, "फुलं नाहीत बाबा, पोवळी आहेत. जिवंत." मला क्षणभर आईचे बोट दिसले.

आपल्या देशात हा छंद सहजासहजी करता येत नाही आणि ते योग्यच आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली प्रवाळांचा समावेश झाला. त्या अनुसूचीत वाघ आहे. म्हणजे मालवणच्या समुद्रातले पोवळे तोडणे आणि नागझिऱ्यातला वाघ मारणे ही कायद्याच्या दृष्टीने एकाच पंक्तीची पापे. तिकडे छंदिष्ट लोक एकमेकांच्या पेट्यांत वाढलेल्या पोवळ्यांची कलमे देतात-घेतात. आपण गुलाबाची देतो तशी. मुलीची बहुतेक पोवळी अशी कलमांचीच होती.

हा संसार मांडणे सोपे नाही. पाणी साधे चालत नाही; गाळून निर्मळ केलेल्या पाण्यात लिटरमागे सुमारे पस्तीस ग्रॅम समुद्री मीठ विरघळवावे लागते. ऊब पंचवीस-सव्वीस अंशांच्या आसपास राखावी लागते. सुरुवातीला तर कित्येक आठवडे पेटी रिकामीच चालवायची. तोवर डोळ्यांना न दिसणारे जिवाणू तिथे घर करतात आणि पुढे येणाऱ्यांच्या मळाचे विष पचवायला शिकतात. पाहुणे येण्याआधी मोरी बांधून घ्यावी तसे. हे सारे झाले, की खरा प्रश्न येतो. कोणाला कोणाच्या शेजारी बसवायचे?

मुलीने वहीत पेटीचा नकाशा काढला होता. वरच्या कड्यावर, जिथे उजेड आणि पाण्याचा जोर जास्त, तिथे फांद्या फुटणारी टणक पोवळी. खाली सावलीत मऊ, अळंब्यांसारखी. चामड्यासारखे एक पोवळे असते, ते पाण्यात शेजाऱ्यांची वाढ खुंटवणारी रसायने सोडते. म्हणून त्याला प्रवाहाच्या शेवटी बसवायचे आणि गाळणीत कोळसा ठेवायचा. प्रत्येकाच्या नावापुढे आकडे होते. ते काय, असे मी विचारले. ती म्हणाली, "अंतर. बोटं मोजून ठेवलेलं अंतर." मी हसून म्हणालो, "म्हणजे तू पोवळ्यांच्या पत्रिका जुळवतेस तर!" तीही हसली. म्हणाली, "हो. पण बाबा, इथे गुण कमी पडले तर एक जण मरतं."

या पेटीत दोन पोवळी शेजारी होती. एकाचे नाव मशाल, दुसऱ्याचे हातोडा. दोघांचे लांब, डुलणारे झुबके, टोकाला रंगाचे ठिपके. शास्त्रज्ञांनीही पुष्कळ काळ त्यांना एकाच प्रजातीत घातले होते. मला वाटले, ही भावंडे. यांचे चांगले जमत असेल. दिवसभर ती एका लयीत डुलत. येणारे पाहुणे म्हणत, "किती छान जोडी!"

परदेशात मला लवकर झोप लागत नसे. एका रात्री दिवाणखान्यात येऊन बसलो. पेटीचे दिवे बंद झाले होते. मुलगी बॅटरी घेऊन आली आणि म्हणाली, "बाबा, दिवसा पाहून यातलं काही कळत नाही. आता बघा." तिने काचेवर उजेड धरला. मशालीच्या झुबक्यातून कोळ्याच्या धाग्यासारखे लांब, पारदर्शक तंतू बाहेर आले होते आणि प्रवाहाबरोबर शेजाऱ्याच्या अंगावर फिरत होते. ज्या अंगावर ते फिरत, त्या अंगाला हातोड्याचे मांस झडून पांढरे हाड उघडे पडले होते. उरलेला हातोडा आक्रसून आपल्या खोबणीत शिरला होता.

मी म्हणालो, "हा मशाल मोठा दुष्ट दिसतो."

ती म्हणाली, "दुष्ट नाही बाबा. तो त्याची जागा राखतो आहे. मी त्याला लावलं तेव्हा त्याला दोनच तोंडं होती, आता आठ आहेत. तो वाढणार, हे मला कळायला हवं होतं. चूक त्याची नाही, माझी आहे."

त्या रात्री मी पुष्कळ वेळ जागा होतो. मुलीच्या त्या साध्या वाक्यात माझ्या चाळीस वर्षांच्या समजुतीला धक्का देणारे काहीतरी होते, पण ते काय हे मला लगेच सापडेना.

कुटुंबात दोन माणसांचे पटेनासे झाले, की आपण पहिला प्रश्न विचारतो, 'चूक कोणाची?' सासू खाष्ट की सून उद्धट, थोरला लोभी की धाकटा आळशी. एकाला दोषी ठरवले, की आपले मन मोकळे होते. त्यांना एका ओट्यावर, एका चुलीपुढे, बोटभर अंतरावर कोणी बसवले, हे कोणी विचारीत नाही. कारण बसवणारा बहुधा विचारणाराच असतो.

दुसरी समजूत सारखेपणाची. आपण म्हणतो, एका जातीची, एका रीतीची, एका चवीची माणसे असली की निभते. पोवळ्यांचा अनुभव उलटा आहे. जूडिथ लँग या संशोधिकेने जमैकाच्या किनाऱ्यावर पोवळ्यांची भांडणे पाहिली आणि १९७१ व १९७३ साली त्यांवर लिहिले. दोन पोवळी जवळ आली, की काही तासांत त्यातले एक आपल्या पोटातले पचनाचे धागे बाहेर काढून दुसऱ्याला जागच्या जागी पचवू लागते, असे तिला दिसले. त्यातली गंमत अशी, की जी दोन पोवळी लोक एकाच जातीची समजत होते, ती शेजारी ठेवताच एकाने दुसऱ्यावर हल्ला केला आणि त्यावरून ती जातीने वेगळी आहेत हे ठरवायला मदत झाली. उलट एकाच पोवळ्याची दोन कलमे शेजारी लावली तर ती भांडत नाहीत, वाढत वाढत एक होऊन जातात. म्हणजे जे खरोखर एकच आहे तेवढेच एक होते. जे नुसते सारखे दिसते त्याच्या बाबतीत फसगत होण्याचा धोका सर्वांत जास्त, कारण तिथे आपण अंतर मोजायचे विसरतो.

१९८० साली प्रसिद्ध झालेले, पॅसिफिक महासागरातील पोवळ्यांवरचे एक संशोधन तर मला फारच अस्वस्थ करून गेले. पचनाच्या धाग्यांनी जे पोवळे पहिल्या दिवशी हरते, ते मरून गेले नाही तर काही आठवड्यांनी त्याला त्या बाजूने लांब तंतू फुटतात. आणि मग ते जिंकणाऱ्यालाच भाजू लागते. हे मुलीने सांगितले तेव्हा मला माझ्या आईची आई आठवली. आई सांगत असे, की तिच्या सासूने तिला पहिली पाच वर्षे तुपाच्या भांड्याला हात लावू दिला नव्हता. तीच आई पुढे आमच्या घरातले तुपाचे भांडे शेवटपर्यंत स्वतःच्या हाताने वाढीत असे. तिला दुष्ट म्हणण्याची माझी जीभ होणार नाही. तिचे तंतू तिला जिथे भाजले होते तिथेच फुटलेले होते.

आता तो मुख्य प्रसंग. मुलीने दुसऱ्या दिवशी हातोडा उचलून पेटीच्या दुसऱ्या टोकाला नेला. आठ-दहा दिवसांनी तो थोडा थोडा उमलू लागला. महिन्याने पुरता उमलला. उघडे पडलेले हाड मात्र तसेच राहिले. त्या सकाळी मी पेटीसमोर उभा होतो आणि स्वयंपाकघरातून गुणगुणणे ऐकू आले. मला वाटले, मुलगीच. पाहिले तर आमची सौभाग्यवती भांडी विसळीत होती आणि एक जुने गाणे आपल्याशीच म्हणत होती.

लग्न होऊन आली तेव्हा ती असेच गुणगुणत असे. पुढे केव्हा तरी ते थांबले. केव्हा थांबले हे मला आठवत नव्हते, कारण ते थांबल्याचे मला कळलेच नव्हते. मी तिला विचारले, "तू गाणं का सोडलं होतंस गं?"

ती म्हणाली, "सोडलं कुठे? सासूबाई एकदा म्हणाल्या, सकाळची वेळ देवाची असते. रागावून नव्हत्या म्हणाल्या. मग सकाळचं गेलं. दुपारी त्या निजायच्या. संध्याकाळी तुमच्या वह्या असायच्या तपासायच्या."

"पण तू कधी बोलली नाहीस!"

"कोणी विचारलं नव्हतं," ती म्हणाली आणि भांडी पुसू लागली.

एवढेच. ना तक्रार, ना डोळ्यांत पाणी. या घरात चाळीस वर्षांत एकदाही भांडण झाले नाही, हे माझे वाक्य खरेच होते. पोवळ्यांच्या पेटीतही भांडणाचा आवाज होत नाही. जे हरते ते ओरडत नाही. ते फक्त उमलायचे थांबते. आणि पाहणारा, विशेषतः दिवसा पाहणारा, त्याला शांतता म्हणतो.

मला वाटते, एकत्र राहण्याच्या नीतीचा सारा प्रश्न इथे येऊन ठेपतो. दोन जिवांचे जुळते की नाही, हे कशावरून ठरवायचे? आपण ते ठरवतो भांडण नसण्यावरून. ही कसोटी सोयीची आहे. पण ती ज्याला इजा होत नाही त्याच्या सोयीची. खरी कसोटी एकच असली पाहिजे : दोघेही उमलतात का? एक उमलले आहे आणि दुसरे गप्प आहे, तर तिथे समजूतदारपणा नाही. तिथे एक जण दोघांच्या शांततेची किंमत एकटा भरतो आहे. 'सून मोठी समंजस' असे आपण कौतुकाने म्हणतो. ते कौतुक करण्याआधी एकदा रात्री बॅटरी घेऊन पाहायला हवे.

कोणी म्हणेल, माणूस म्हणजे पोवळे नव्हे. माणसाला पाय आहेत, तोंड आहे. नको असेल तर तो उठून जाईल, बोलेल. ऐकायला हे रास्त वाटते. पण समुद्रातल्या पोवळ्यालाही निवड असते. जन्मल्यावर त्याचे पिल्लू काही काळ पाण्यात पोहत असते, खडकावर खडक चाचपते आणि मगच एका जागी बसते; बसले की मात्र जन्मभरासाठी. पेटीतल्या कलमाला तेवढीही निवड नाही. त्याला कोणीतरी नेऊन चिकटवलेले असते. आमच्या घरी आलेल्या सुना, हुंड्याच्या भांड्यांबरोबर मोजून घेतलेल्या, त्यांना पाय होते का? तोंड होते, पण ते उघडले तर 'उद्धट' ही पदवी तयार होती. आणि सुनांचेच कशाला? मुलीच्या घरी सहा महिने राहताना मीही बातम्यांचा आवाज बारीक ठेवीत होतो, चहा दुसऱ्यांदा मागत नव्हतो. मला कोणी काही म्हटले नव्हते. म्हातारपणी आपणही कोणीतरी कुठेतरी ठेवलेले कलमच होतो. म्हणून ज्याला स्वतःची जागा निवडता येत नाही त्याच्यासाठी जागा निवडणाऱ्याने, तो वाढेल हे धरून, अंतर मोजले पाहिजे. हे उपकार नव्हेत. ती त्याची जबाबदारी आहे.

मग सगळ्यांनी लांब लांबच राहावे काय? तसेही मला वाटत नाही. लांब राहूनच भागले असते तर समुद्रात प्रवाळांची बेटे झालीच नसती. ती बेटे झाली जवळ येण्याने, एकाच्या हाडांवर दुसऱ्याने घर बांधण्याने. किंबहुना पोवळ्याच्या अंगातच जगातला सर्वांत जवळचा शेजार आहे. त्याच्या मांसात सूक्ष्म शेवाळ राहते. पोवळे त्याला आसरा देते, ते उन्हाच्या बळावर अन्न करून पोवळ्याला देते. पोवळ्याचे बरेचसे रंगही त्याच्यामुळेच. पण पाण्याची ऊब नेहमीपेक्षा एखाद-दोन अंशांनी वाढून तशीच राहिली, की हा संसार मोडतो. शेवाळ बाहेर पडते, पोवळे पांढरेफटक होते. १९९८ मध्ये जगभर असे झाले, २०१६ मध्ये झाले, २०२४ मध्येही झाले. तिथे दोघांपैकी कोणाचीच चूक नव्हती. पाणी तापले होते. घराचेही तसेच. वडीलधाऱ्या माणसाने घरातली हवा किती तापू दिली, यावर जवळच्यांचे जवळपण टिकते. अंतर हा एक उपाय आहे. ऊब बेताची राखणे हा दुसरा. पहिला केला म्हणून दुसरा चुकत नाही.

परतीच्या आधी आठवडाभर एक गोष्ट घडली. वादळात त्या भागातली वीज गेली. सहा तासच गेली, पण मुलगी आणि जावई दोघेही घामाघूम झाले. पंप बंद पडले की पाण्यातला प्राणवायू संपतो. तासातासाला ती दोघे तांब्याने पाणी घेऊन वरून ओतीत बसली होती. मला आमच्याकडचे तलाव आठवले. शेकडो वर्षांपूर्वी गोंड राजांच्या काळात कोहळी लोकांनी बांधलेले. पुढे मालगुजारांचे झालेले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेल्यावर सरकारकडे आलेले, म्हणून 'मामा तलाव', माजी मालगुजारी. त्यांत जीव काही कमी नाहीत. मरळ लहान माशांना खाते, तरी लहान मासे संपत नाहीत. कारण पाण्याखाली बुडून राहणाऱ्या, तरंगणाऱ्या आणि काठच्या चिखलात उभ्या राहणाऱ्या वनस्पतींत त्यांना लपायला जागा असते. तलावात बेशरम माजली, देशी वनस्पती गेल्या, तेव्हा मासळीही घटली. मग 'भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ' आणि ढिवर समाजातल्या स्त्री-पुरुषांनी मिळून आपल्या जिल्ह्यात, आणि १९९९ पर्यंत आपल्यातच असलेल्या आजच्या गोंदिया जिल्ह्यात, काही तलावांतली बेशरम उपटली आणि देशी वनस्पती हाताने लावल्या. त्यांनी प्रत्येक मासा कुठे बसावा हे ठरवले नाही. लपायला जागा केली, बाकीचे माशांनी पाहिले.

पेटी आणि तलाव यांतला फरक हा. पेटीतली शांतता मांडणाऱ्याच्या हातावर उभी असते. हात निघाला, की सहा तासांत कोसळते. तलावालाही हात लागतो, पाळ दुरुस्त करावी लागते, गाळ काढावा लागतो. पण मधल्या काळात तो आपल्या बळावर चालतो. मी आमच्या घराची पेटी केली होती. आई होती तोवर आईच्या धाकावर आणि नंतर माझ्या इच्छेवर ती चालली होती. आणि तिचे नाव मी एकत्र कुटुंब असे ठेवले होते. जो संसार माझी पाठ वळताच मोडेल, तो मी जुळवला नव्हता, फक्त धरून ठेवला होता.

परत आल्यावर मी मुलाला म्हणालो, "ते घर अजून रिकामं आहे का रे?" तो माझ्याकडे पाहतच राहिला. सुनेने खाली मान घातली, पण मी पाहिले, ती हसली. सौभाग्यवतीने विचारले, "किती लांब आहे म्हणे?" मी म्हणालो, "पाळीवरून चालत आठ मिनिटं." ती म्हणाली, "बेताचं आहे."

त्या रात्री मी तिला आणखी एक विचारले. चाळीस वर्षे उशीर झाला होता, तरी विचारले. या घरात तुला काय हवे आहे? तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, "सकाळी तुम्ही तो रेडिओ अंगणात नेऊन ऐका." तेव्हापासून मी बातम्या अंगणात ऐकतो. आतून काय ऐकू येते ते सांगायची गरज नाही. रोज येते असेही नाही. उघडे पडलेले हाड पुरते भरून येत नाही, हे मी पेटीत पाहिले आहे. ते माझ्या वाट्याचे. ते मला पाहत राहिले पाहिजे.

आईचे पोवळे आता देव्हाऱ्यातल्या डबीत आहे. सुनेच्या बोटात ते घालावे असे एकदा मनात आले होते. मग वाटले, नको. तिला विचारल्याशिवाय तर नकोच.

यंदा नरकचतुर्दशीला पहाटे आम्ही दोघेच उठलो. चाळीस वर्षांत प्रथमच घर इतके शांत होते आणि मला ते बोचले, हे कबूल करतो. अंतराचीही किंमत असते आणि ती कोणी ना कोणी देतोच. या खेपेस ती मी देत होतो, एवढाच काय तो फरक. उजाडता उजाडता तलावाच्या पलीकडे एक आकाशकंदील दिसू लागला. सौभाग्यवतीने चकल्यांचा डबा भरून माझ्या हाती दिला आणि मी पाळीवरून निघालो. सुनेने दार उघडले, डबा घेतला, बसा म्हणाली. परत निघालो तेव्हा तो डबा पुन्हा माझ्या हातात होता आणि जड होता. तिने त्यात आपल्या हातच्या करंज्या भरल्या होत्या.

घरी येऊन एक खाल्ली. आमच्या घरच्या करंजीसारखी ती मुळीच नव्हती. खोबरे जरा जास्त होते. फार चांगली झाली होती.